कातळावर हाक मारायची नाही

हिराजी गेल्याचं मला सकाळी पावणेआठला कळलं. पेणमध्ये आमच्या आळीत नळाला पाणी यायची तीच वेळ. मी बादली लावून उभा होतो, खिशात फोन वाजत होता आणि बादली भरेपर्यंत मी तो उचलला नाही. उचलला तेव्हा पलीकडे हिराजीची बायको, आमच्या वहिनी होत्या. "भावजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या बोलल्या. रोह्याला लागून अष्टमीत त्याचं घर. तिथल्या ओटीवर तो चहा घेऊन बसला होता, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला, तो टेकलाच... मी विचारलं की शेवंती कुठे आहे. शेवंती म्हणजे त्याची कुत्री, अकरा वर्षांची. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या पायाशी बसलीय. सगळ्यांनी हाका मारल्या, पन उठत नाय."

त्याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात रोह्यात एका शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. हिराजीभोवती डोंगर चढणाऱ्यांचा जो गट आपोआप जमला होता, त्यानेच ती ठेवली होती. गटाचं काम आता बघणारे चाळिशीचे एक गृहस्थ मनापासून बोलले. बोलता बोलता म्हणाले, "काकांच्या हातून आयुष्यात एकदाच चूक झाली, एक मुका जीव गेला, पण काका खचले नाहीत, त्या चुकीतून शिकले." लोकांनी माना हलवल्या. वहिनी पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे. त्यानंतर माझंच नाव पुकारलं गेलं, कारण त्याचा सर्वांत जुना मित्र मी. मी उठलो, दहा मिनिटं बोललो, त्याच्या स्वभावाबद्दल, त्याच्या कुत्र्यांच्या वेडाबद्दल... आणि परत जागेवर येऊन बसलो. ती चूक हिराजीची नव्हती, माझी होती. हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं, आणि तरीही मी ते बोललो नाही. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला उभं राहून जे सांगता आलं नाही, ते बसून लिहिता येतं का, हे बघावं म्हणून हा लेख.

हिराजी मूळचा पेणच्या खारेपाटातला, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या गावचा. "आमच्या गावात सगळ्यात उंच जागा कुठली, ठाव हाय? मिठाची रास," असं तो सांगायचा. भोवती सपाट चिखल, खाडीचे बांध आणि पूर्वेला लांबवर डोंगरांची निळी रांग. लहानपणी बापाबरोबर मीठ ओढताना तो त्या रांगेकडे बघत राहायचा, आणि बापाचा कुत्रा बांधावरून त्याच्या पुढे पुढे चालायचा. डोंगर आणि कुत्रा या दोन गोष्टी त्याच्या मनात तेव्हाच शेजारी शेजारी बसल्या असाव्यात. पुढे रोह्याला एका रंगांच्या कंपनीत तो फिटर म्हणून लागला. मी त्याच कंपनीत प्रयोगशाळेत होतो. पहिल्याच साप्ताहिक सुट्टीला तो अवचितगडावर निघाला, तेव्हा कंपनीच्या गेटवरची दोन कुत्री आपण होऊन त्याच्यामागे गेली. फाल्गुन संपत आलेला, उतरायला दुपार झाली. कातळ तापला होता. एका कुत्र्याच्या तळपायांना फोड आले आणि ते बसलं ते उठेना. हिराजीने त्याला पंचात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि तसंच पायथ्याच्या मेढा गावापर्यंत उतरवलं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टच्या आधी तो गेटवर मांडी घालून त्या कुत्र्याच्या पायांना खोबरेल आणि हळद चोळत बसला होता. मी जाता जाता विचारलं, हे काय चाललंय. मान वर न करता तो म्हणाला, "माजी चूक हाय. मी बूट घातले होते, त्याने नव्हते." आमची ओळख झाली ती अशी. आपली चूक माणसाने कशी कबूल करावी हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे.

त्यानंतर त्याने या गोष्टीचं एक शास्त्रच करून टाकलं, पण शास्त्र म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. दसरा ते होळी एवढाच हंगाम. पावसात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा कुत्र्याला वर नेणं म्हणजे त्याला ढकलून देणंच, असं त्याचं म्हणणं. उजाडायला चढायला लागायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत उतरायचं. उघड्या कातळावर जाण्याआधी तो हाताची उलटी बाजू दगडाला टेकवून थोडा वेळ थांबायचा. हात ठेववला नाही तर सावलीतून वळसा, मग तो कितीही लांबचा असो. पाण्याचा कॅन त्याच्याच पाठीवर, आणि पाणी आधी कुत्र्यांना, मग माणसांना. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुत्र्यांच्या बोटांच्या बेचक्यांत कुसळं घुसतात, ती काढायला खिशात चिमटा. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नवारीचा पट्टा. खाटेची जुनी नवार मिळवून तो हे पट्टे स्वतः दाभणाने शिवायचा. छातीवरून एक वेढा, पोटाखालून एक, आणि पाठीवर धरायला एक मूठ, पिशवीच्या बंदासारखी. कुणी गळपट्ट्याला दोरी बांधून कुत्रं कातळावर आणलेलं दिसलं की तो चिडायचा. "घसरला तर फाशी देनार हाय का त्याला?" असं तोंडावर विचारायचा, मग समोर डॉक्टर असो की बँकेचा मॅनेजर.

हळूहळू रोह्याची, पेणची, अगदी नागोठण्याची माणसं रविवारी आपापली कुत्री घेऊन त्याच्याकडे यायला लागली. कंपनीच्या कँटीनमध्ये या प्रकाराला 'हिराजीची बालवाडी' म्हणायचे. एकदा एका वकिलांनी केसाळ, पांढरंशुभ्र, घरात वाढलेलं कुत्रं आणलं. ते पहिल्या चढालाच बसलं आणि वकिलांकडे तक्रारीने बघायला लागलं. हिराजीने त्याच्यापुढे उकिडवं बसून त्याचे पाय तपासले, जीभ बघितली आणि म्हणाला, "साहेब, याला रजा द्या. हा ऑफिसचा माणूस हाय." मीही तसा ऑफिसचाच माणूस. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी त्याच्या रविवारांत शिरलो. माझं आडनाव प्रधान, तो मला कायम 'परधान' म्हणायचा. "परधान, तू कुत्र्यांपेक्षा हळू शिकतोस," हे त्याचं माझ्याबद्दलचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

त्याचा मुख्य नियम मात्र पट्ट्याचा नव्हता, हाकेचा होता. कुत्रं चढताना झटकन चढतं. उतरताना त्याचं डोकं खाली येतं, सगळा भार पुढच्या पायांवर पडतो आणि ते विचार करायला लागतं. तो विचार त्याला करू द्यायचा. कुठे पाय ठेवायचा हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. अशा वेळी खालून कुणी हाक मारली की कुत्रं दगडाकडे बघायचं सोडून माणसाकडे बघतं आणि उडी घेतं. म्हणून उभ्या टप्प्यावर हिराजी कुत्र्याबरोबर वर थांबायचा आणि एक माणूस खाली. खालच्या माणसाने बोलायचं नाही, हात पसरायचे नाहीत, वर बघायचंसुद्धा नाही. कुत्र्याकडे पाठ करून गप्प बसून राहायचं. कुत्रं आपल्या वेळेने येतं आणि मागून नाक लावतं. नव्या माणसांना याचं हसू यायचं, कारण रविवारी सकाळी कातळाखाली चांगली शिकलीसवरलेली माणसं शिक्षा झालेल्या मुलांसारखी दरीकडे तोंड करून बसलेली दिसायची. कुत्र्याचा धनी खाली बसणार असेल तर हिराजी त्याला जास्त बजावायचा. "ज्याचा लाड जास्त, त्याच्या हाकेला धोका जास्त."

तांबू माझ्या मुलीचा कुत्रा. मुग्धा तेव्हा बारा वर्षांची होती. कासू गावच्या एका मैत्रिणीकडून तिने ते पिल्लू पिशवीत घालून आणलं. साधं गावठी, तांबूस, छातीवर पांढरा ठिपका. मी चार दिवस विरोध केला. नंतर संध्याकाळपुरता तो माझाच झाला. रोह्याहून येऊन मी आळीच्या तोंडाशी उतरायचो, तिथूनच हात पसरून म्हणायचो, "तांबू, ये रे!" आणि तो कंपाउंडची भिंत ओलांडून धावत यायचा तो थेट माझ्या छातीवर. शेजारीपाजारी बघायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या आनंदाने माझी वाट बघणारं त्या आळीत दुसरं कोणी नव्हतं. त्याला डोंगरावर न्यायचं ठरलं तेव्हा मुग्धा आधी तयार नव्हती. हिराजी घरी आला, त्याने तांबूचं माप घेतलं आणि पुढच्या रविवारी नवा पट्टा आणला. मुग्धाने त्याच्या मुठीवर लाल दोऱ्याने 'तां' असं अक्षर काढलं आणि हिराजीला म्हणाली, "काका, ही मूठ तुम्हीच धरायची. बाबांनी नाही." तो हसला आणि म्हणाला, "बाबा तुजे खाली बसतील, पाठ करून." दोन हंगाम ती स्वतःही कितीदा तरी आमच्याबरोबर आली.

बावीस वर्षांपूर्वीचा तो रविवार. मुग्धाचा क्लास होता म्हणून ती आली नव्हती. आम्ही सहा-सात माणसं आणि चार कुत्री खांब गावात उतरून सुरगडावर गेलो होतो. त्या दिवशी उशीर झाला तोही माझ्यामुळे. पलीकडच्या टोकाचा बुरूज मला बघायचाच होता. परतताना ऊन चढलं होतं. उभ्या कातळाच्या टप्प्यावरून बाकीची मंडळी आणि तीन कुत्री उतरून पुढे झाडीत सावलीला गेली. तांबू उतरताना नेहमीच सर्वांत सावकाश, म्हणून त्याला शेवटी ठेवलं होतं. मी आधी उतरलो आणि नियमाप्रमाणे पाठ करून बसलो. वर हिराजी आणि तांबू. दोन मिनिटं झाली, पाच झाली. माझ्या खालचा दगड भाजत होता. तहानेने जीभ टाळ्याला चिकटली होती आणि पाण्याचा कॅन हिराजीच्या पाठीवर, वर होता. मागून तांबूच्या नखांचा आवाज यायचा आणि थांबायचा. हिराजी त्याच्याशी हळू बोलत होता, "बघ... बघ तू. घाई नाय." मला घाई होती. कारण एवढंच. त्याहून मोठं कारण मी बावीस वर्षं शोधतो आहे, ते सापडत नाही. मला पाणी हवं होतं.

मी वळलो. तांबू वीतभर रुंदीच्या एका टप्प्यावर उभा होता. हिराजीने पट्ट्याची मूठ सोडली होती, कारण पुढच्या खाचेत स्वतःचा हात रोवायला ती क्षणभर सोडावीच लागायची. त्या क्षणात कुत्र्याने नुसतं उभं राहायचं, हे त्याने सगळ्यांना शिकवलेलं होतं आणि तांबू तसाच उभा होता. मी उठलो, हात पसरले आणि आळीच्या तोंडाशी म्हणायचो तसंच म्हणालो, "तांबू, ये रे." वरून हिराजीचं "नाय" ऐकू आलं, ते तांबूला होतं की मला, ठाऊक नाही. तांबूने माझ्याकडे बघितलं आणि उडी घेतली. त्याची शेपटी हलत होती, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. माझ्या हातांपासून दोन हात अलीकडे तो कडेवर आदळला आणि तिथून खाली गेला.

हिराजी कुठून आणि कसा खाली उतरला ते मला कळलंच नाही. त्याने तांबूला पंचात घेऊन वर आणलं. झाडी लागेपर्यंत श्वास होता, मग थांबला. पुढची मंडळी आवाज ऐकून मागे आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. हिराजी म्हणाला, "माज्या हातून सुटला." तो भानावर नाही, असं मला वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. वाटेवरच्या एका ऐनाच्या झाडाखाली आम्ही तांबूला पुरलं. पट्टा हिराजीने काढून घेतला.

पेणला तो माझ्याबरोबर घरी आला. दार मुग्धाने उघडलं आणि आमच्या मागे बघायला लागली. मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होतो. हिराजी उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून म्हणाला, "पोरी, मूठ सुटली माज्या हातातून."  मग तिने जे शब्द उच्चारले, ते तिच्या परवानगीने लिहितो. ती म्हणाली, "तुम्ही नाही ना पडलात? तो पडला आणि तुम्ही आलात. पुन्हा आमच्या दारात येऊ नका." माझ्या नाड्या केव्हाच सुटल्या होत्या. मी तरी वाकूनच राहिलो.

त्याला सोडायला मी एसटी स्टँडवर गेलो, तेव्हा त्याला विचारलं की असं का केलंस. तो बाकावर बसून पंचाची घडी घालत होता. "तिला राग धराय कोनतरी पायजे," तो म्हणाला. "माज्यावर धरला तर मी लांब हाय, रोह्याला. तुज्यावर धरला तर पोर जाईल कुठं? तुज्याच घरात ऱ्हाते ती." मग गाडी लागल्यावर उठता उठता म्हणाला, "मोठी झाली की सांग तिला." मी हो म्हणालो.

त्या 'हो'चं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेणची माणसं कुत्री पाठवायची थांबली. कँटीनमध्ये बालवाडीचा विनोद बंद झाला आणि दुसरा सुरू झाला. कुणी पाना मागितला तरी दुसरा ओरडायचा, "हिराजीकडून घेऊ नको, सुटेल हातातून." मी त्या टेबलावर बसलेला असायचो. हिराजी पाना द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा. चार-पाच वर्षं तो एकटाच गेटवरची कुत्री घेऊन डोंगरावर जात होता. पुढे नवी पिढी आली, तिने त्याच्याभोवती पुन्हा गट जमवला. पण 'काकांची ती एक चूक' गटात सांगितली जायचीच, नव्या माणसाला सावध करायला. तोही ती गोष्ट स्वतः सांगायचा, "माज्या हातून सुटला," असंच. नियम पटवायला त्याला ती गोष्ट लागायची आणि माझं नाव त्यात घालायचं नव्हतं.

मुग्धा दहावीला होती, म्हणून मी सांगितलं नाही. मग बारावी होती. मग ती शिकायला पुण्याला गेली, आता कशाला तिचं मन ढवळा असं वाटलं. पहिल्या दोन वर्षांत हिराजीने मला दोनदा विचारलं, "बोललास?" मी दोन्ही वेळा म्हणालो, अजून नाही. नंतर त्याने विचारणं सोडलं. मला वाटलं, तो विसरला. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. मुग्धाच्या लग्नाची पत्रिका मी त्याला तिच्या नकळत नेऊन दिली. ती त्याने दोन्ही हातांनी घेतली, देवापुढे ठेवली, लग्नाला मात्र आला नाही. आमची ही, सुधा, तीही काही कळल्याविना गेली. जाण्याच्या आदल्या वर्षी ती एकदा म्हणाली होती, हिराजीभावजींकडे जाऊन या, तुम्ही तरी संबंध ठेवलेत हे बरं केलंत. मोठ्या मनाचे आहात... मी गप्प बसलो. कातळाखाली जिथे गप्प बसायचं होतं तिथे मी बोललो, आणि बोलायचं होतं तिथे बावीस वर्षं गप्प बसलो.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी अष्टमीला गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या, शेवंती उंबऱ्याला लागून पडली होती. मी सगळं सांगितलं, पाण्याच्या कॅनसकट. त्यांचे हात सुपात चालतच होते. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मना ठाव हाय ते. त्याच दिवशी येऊन बोलले होते. माज्या तोंडातून जायाचा नाय, असं सांगून ठेवलेलं."

मी म्हणालो, मग त्याने मला पुन्हा का विचारलं नाही? एकदा जरी विचारलं असतं...

"मीबी तेच बोलायची त्यांना," वहिनी म्हणाल्या. "विचारा तुमच्या दोस्ताला, का बसलाय असा? तर बोलायचे, तो अडकलाय वर. भ्यालेल्याला हाक मारायची नाय. येईल त्याचा तो."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. दाराच्या मागे खिळ्यांवर पट्टे टांगलेले असायचे, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मी ते दार कधी पुढे ओढून बघितलं नव्हतं. वहिनींनी ते ओढलं. शेवंतीचा पट्टा पुढे होता, रोजच्या वापराने मऊ आणि काळपट झालेला. त्याच्या मागच्या खिळ्यावर एकच पट्टा, अजून ताठ, मुठीवर लाल दोऱ्याचा 'तां'. "हा कुनाला घातला नाय त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "पोर येईल मागाय तवा द्यायचा, असं बोलायचे." मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि दार पुन्हा मागे लोटलं. "तुमाला नाय, भावजी. पोरीला."

त्याच दिवशी दुपारी मी कुंडलिका नदीच्या पुलाजवळ एका झाडाखाली बसून मुग्धाला पुण्याला फोन केला. ती आता छत्तीस वर्षांची आहे, तिला एक मुलगी आहे. मी सांगत होतो, अगदी उंबऱ्याला पडलेल्या शेवंतीपर्यंत, आणि पलीकडून काहीही आवाज येत नव्हता, फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा थांबलो. ती म्हणाली, "ऐकतेय मी." मग तिने विचारलं, "त्याने तुमच्याकडे बघून उडी मारली ना? घसरला नाही?" मी म्हणालो, नाही, घसरला नाही.  "मी आजपर्यंत तो घसरतानाच बघत आले, बाबा. पाय सुटताना."  मग ती म्हणाली, "मी काकांना दारात काय बोलले होते, ते आठवतंय तुम्हाला?" मी हो म्हणालो. "ते मला आता परत कसं घेता येईल? तुम्ही मला दोन महिने आधी सांगितलं असतंत तरी मी रोह्याला गेले असते."  मला तिने माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. हा लेख लिहू का, एवढं विचारलं. ती म्हणाली, "लिहा. मी बोलले तेही लिहा, गाळू नका." फोन ठेवताना मात्र तिने विचारलं, "शेवंतीच्या पायांना तेल कोण लावतं आता?"

तेल मी लावतो. दर रविवारी पहिल्या गाडीने पेणहून अष्टमीला जातो. वहिनी खोबरेल आणि हळद वाटीत काढून ठेवतात, आणि हे करताना माझ्याशी फार बोलत नाहीत. खिळ्यावरच्या त्या दुसऱ्या पट्ट्याबद्दल मुग्धाला मी सांगितलं आहे. नातीला सुट्टी लागली की येते, असं ती म्हणाली. तोपर्यंत तो तिथेच आहे. शेवंतीला आता गड झेपत नाही, मलाही नाही. मेढ्याच्या बाजूने अवचितगडाची वाट चढायला लागली की पहिला पुरुषभर उंचीचा कातळ येतो, तिथपर्यंत आम्ही जातो. मी हाताची उलटी बाजू दगडाला टेकवून बघतो. पाणी आधी तिला देतो. ती वर जाऊन हिराजी जिथे बसायचा तिथे थोडा वेळ बसते, वास घेते.

गेल्या रविवारी तिचं बसून झालं, तसा मी आधी खाली उतरलो आणि दरीकडे तोंड करून बसलो. मागे नखांचा आवाज आला, थांबला. तिला आता नीट दिसतही नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ऊन माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं, घसा कोरडा पडला. कॅन माझ्या शेजारीच होता, पण झाकण वाजेल म्हणून मी त्याला हात लावला नाही. पुन्हा नखं वाजली, पुन्हा थांबली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो होतो. किती वेळ गेला कोण जाणे... मग मानेला ओलं नाक लागलं.